फुंदुक, दालचिनी आणि भंडारा प्रांताचा चार

१

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत महसुलाचे कागद, वतनाचे महजर आणि धर्मग्रंथांच्या पोथ्या यांच्या जोडीने वैद्यकाची लहानमोठी बाडेही असतात. संग्राहक मंडळी महजर प्रथम उचलतात, पोथीची पुष्पिका पाहतात, आणि वैद्यकाचे बाड हाती आले म्हणजे ‘यात काढे व चूर्णे आहेत’ एवढे म्हणून ते बाजूस सारतात. असल्या बाडांवर बहुधा तिथी नसते, लिहिणाराचे नाव नसते, राजकारणाचा तर गंधही नसतो. त्यामुळे त्यांची उपेक्षा व्हावी यात नवल नाही. तथापि औषधांची प्रत्येक यादी ही एका प्रांताच्या रानाची व एका काळाच्या बाजाराची साक्ष असते. कोणती वस्तू शेराने घेतली, कोणती मासा-गुंजेने तोलली, कोणती घरच्या बोलीतील नावाने लिहिली व कोणती फारशी नावाने लिहिली, हे सर्व त्या यादीत असते. मात्र ही साक्ष घ्यावयाची तर शब्दामागील वस्तू नेमकी ओळखता आली पाहिजे.

प्रस्तुत लेखात आम्ही दोन वृक्षांची तुलना योजिली आहे. पहिला फुंदुक, यास हल्ली इंग्रजीवरून हेझलनट असे म्हणतात. दुसरा दालचिनी. एकाचा गर खातात, दुसऱ्याची साल वापरतात. बागाइताची हौस असलेले गृहस्थ अलीकडे भंडारा जिल्ह्यात ही झाडे लागतील काय, आणि लावल्यास कोणते अधिक उपयोगी, असा प्रश्न करितात. प्रश्न शेतकीचा असला तरी त्याचे उत्तर शोधताना कोश, निघंटु व बाजारातील नावे यांचा धांडोळा घ्यावा लागतो. आणि तो घेता घेता आपल्याच रानातील एका तिसऱ्या झाडापाशी येऊन पोहोचावे लागते. ते झाड म्हणजे चार, ज्याच्या बियांतील गरास आपण चारोळी म्हणतो.

२

फुंदुकाचे झाड हे थंड मुलखातील. युरोप, कॉकेशस व काळ्या समुद्राचा दक्षिण किनारा ही त्याची मायभूमी. आजही जगातील फुंदुकाच्या निम्म्याहून अधिक पीक एकट्या तुर्कस्तानात, मुख्यतः ओर्दू व गिरेसून या समुद्रकाठच्या टापूंत निघते. आपल्या देशात याची भावंडे हिमालयात आहेत. पश्चिम हिमालयात एक जात व पूर्व हिमालयात काटेरी आवरणाची दुसरी. सह्याद्री, सातपुडा अथवा गोंडवनाच्या डोंगरांत या कुळाचे एकही झाड नाही.

झाड म्हटले तरी त्याची ठेवण झुडपाची. बुंध्यापासून अनेक फुटवे फुटतात व ते सरळ वाढतात. इंग्लंडात हे फुटवे ठराविक वर्षांनी बुडापासून छाटून त्यांचे कूड व टट्टे विणीत. फुलोरा भर हिवाळ्यात येतो. नरफुले लोंबत्या तुऱ्यांत असतात, मादीफुले कळीच्या टोकाशी तांबड्या तंतूंएवढीच दिसतात, आणि परागवहनाचे काम वारा करितो. एका वाणाचा पराग त्याच वाणाच्या फुलास बहुधा लागू पडत नाही. म्हणून जवळपास दुसरा वाण लावावा लागतो.

आता या फळाच्या नावाकडे वळू. ग्रीक लोक यास पोंतस प्रांताचे कवचफळ या अर्थी ‘पोंतिक’ म्हणत. पोंतस म्हणजे काळ्या समुद्राचा तोच दक्षिण किनारा. हा शब्द इराणी भाषांतून फिरत फारशीत ‘फुंदुक’ व अरबीत ‘बुंदुक’ असा झाला. फळ वाटोळे, टणक व बोराएवढे असल्यामुळे अरबीत ‘बुंदुक’ याचा अर्थ मातीची अथवा धातूची गोळी असाही होऊ लागला. दारूगोळ्याच्या पूर्वी गोळ्या फेकणारे एक प्रकारचे धनुष्य पक्ष्यांच्या शिकारीस वापरीत. त्याच्या गोळीस बुंदुकच म्हणत. पुढे दारूच्या बळावर गोळी फेकणारे हत्यार आले, आणि त्यास त्या गोळीवरून नाव पडले. तेच नाव फारशी व हिंदुस्थानी यांच्या द्वारे आपल्याकडे आले व ‘बंदूक’ झाले.

कित्येक विद्वान या शब्दाचा संबंध व्हेनिस नगराशी जोडतात, कारण अरबीत त्या नगरासही याच उच्चाराजवळचे नाव आहे. परंतु गोळी या अर्थी हा शब्द बंदुकीच्या पूर्वीपासून रूढ होता, ही गोष्ट ध्यानात घेता फळावरून गोळी व गोळीवरून हत्यार हा क्रम आम्हांस अधिक सरळ वाटतो. जे फळ मराठी मुलखात कधी पिकले नाही, त्याचे नाव मराठी दप्तरांत पानोपानी आढळावे, हा भाषेच्या इतिहासातील एक विलक्षण योग होय. शिलेदाराच्या हजेरीपटात ‘बंदूक’ असे लिहिणाऱ्या कारकुनास त्या शब्दाच्या पोटी एक कवचफळ आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

संग्राहकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. युनानी वैद्यकात ‘हिंदी फुंदुक’ या नावाने जी वस्तू येते ती फुंदुक नव्हे, तर आपला रिठा. तद्वतच सागरगोट्यास वनस्पतिशास्त्रज्ञांनी जे लॅटिन नाव दिले त्यातील ‘बोंडुक’ हे उपपद याच अरबी शब्दावरून घेतलेले आहे. रिठा, सागरगोटा व फुंदुक या तिन्ही वस्तू वाटोळ्या व कठीण कवचाच्या, एवढेच त्यांतील साम्य. गुण मात्र परस्परांहून अगदी निराळे. म्हणून फारशी मिश्रित बाडात हा शब्द आल्यास ‘हिंदी’ हे विशेषण जोडलेले आहे काय, आणि औषध पोटात घ्यावयाचे की केस धुण्याचे, हे पाहिल्यावाचून अर्थ करू नये.

३

दालचिनीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. फारशी ‘दारचीनी’ म्हणजे चीन देशाचे लाकूड. हे नाव मूळ चिनी सालीस पडले, आणि पुढे सिंहलद्वीपाच्या पातळ, गोड सालीसही तेच लागू झाले. ‘र’चा ‘ल’ होऊन मराठीत दालचिनी झाले. सिंहलची साल चीनहून येत नसतानाही नाव चीनचेच राहिले. यावरून शब्द वस्तूच्या मागोमाग न येता पुष्कळदा व्यापाऱ्याच्या मागोमाग येतो असे दिसते.

संस्कृतात या सालीस मुख्य नाव ‘त्वक्’. अमरकोशात त्वक्पत्र, उत्कट, भृंग, त्वच, चोच व वरांगक अशी नावे एकत्र दिली आहेत. यांतील बहुतेक नावे इतर अर्थांचीही वाचक आहेत, हे लक्षात ठेवावयास हवे. त्वक् म्हणजे कोणतीही साल अथवा कातडी. वरांग म्हणजे मस्तकही. भृंग म्हणजे भुंगा; आणि वैद्यकात भृंगराज या अर्थी माका. एखाद्या केसांच्या तेलाच्या कृतीत ‘भृंग’ आल्यास तो माका समजावा हे उघड आहे. परंतु वेलदोडे व तमालपत्र यांच्या शेजारी आल्यास तीच दालचिनी होते. नुसत्या कोशावर विसंबून चालत नाही. शब्दाची संगत पाहावी लागते.

सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या भावप्रकाशात त्वक्पत्र व दारुसिता असा दोन सालींचा भेद सांगितला आहे. पहिली जाड व उग्र, दुसरी पातळ व स्वादू. हा भेद व्यवहारातील जाड साल व सिंहली दालचिनी यांच्या भेदाशी जुळतो. ‘दारुसिता’ याचा अक्षरार्थ लाकडाची साखर. अर्थ गोड आहे खरा. पण ‘दारचीनी’ या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य इतके आहे की परकी नावास संस्कृत पोशाख चढवून हा शब्द सिद्ध केला असावा, असे आमचे अनुमान आहे. त्यातही फारशी ‘दार’ व संस्कृत ‘दारु’ हे मुळात सगोत्र शब्द असल्यामुळे हा पोशाख अंगास चांगला बसला. भावमिश्रानेच फिरंगरोग व त्यावरील चोपचिनी यांचा समावेश आपल्या ग्रंथात केला आहे. सारांश, बाहेरून आलेल्या वस्तूंस शास्त्रात स्थान देण्याची त्याची प्रवृत्तीच होती.

संस्कृत त्वच् याचे अपभ्रष्ट रूप ‘तज’ हे मात्र बाजारात वेगळे टिकले. हल्लीच्या व्यवहारात तज म्हणजे जाड, खरबरीत व हलक्या प्रतीची साल, आणि दालचिनी म्हणजे पातळ सुरळीची. एकाच यादीत तज व दालचिनी ही दोन्ही आढळल्यास लेखकाने एक वस्तू दोनदा लिहिली असे समजू नये. तेथे शास्त्रातील नाव जाड सालीकडे गेले आहे व परभाषेतील नाव उंची मालाकडे गेले आहे.

पानांचीही हीच तऱ्हा. तमालपत्र हे दालचिनीच्याच कुळातील एका हिमालयी वृक्षाचे पान. वैद्यकात नुसते ‘पत्र’ म्हटले तरी हेच घ्यावयाचे. त्वक्, एला, पत्र ही तीन मिळून त्रिजात, व त्यांत नागकेशर मिळविले म्हणजे चतुर्जात. परंतु अमरकोशात तमाल म्हणून जो वृक्ष सांगितला, ज्यास तापिच्छ असेही म्हणतात, तो काळ्या खोडाचा वेगळाच वृक्ष होय. आणि त्याच कोशात तमालपत्र हा शब्द कपाळीच्या तिलकाच्या अर्थीही दिला आहे. ग्रीक व रोमन व्यापारी ज्यास ‘मालाबाथ्रम’ म्हणत ते तमालपत्रच, असे विद्वानांचे मत आहे. पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील नाविकांच्या ग्रंथात या पानाच्या व्यापाराचा उल्लेख येतो.

४

दालचिनीच्या व्यापारासाठी जे राजकारण झाले ते इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. पोर्तुगीज १५०५ साली सिंहलद्वीपास पोहोचले. त्यांच्याच अमदानीत गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यास छापविलेल्या संवादग्रंथात दालचिनीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले व सिंहलच्या सालीस पहिला मान दिला. १६५८पर्यंत डच लोकांनी पोर्तुगिजांस त्या बेटावरून हुसकावले, आणि १७९६ साली इंग्रजांनी डचांची जागा घेतली. पोर्तुगीज व डच यांच्या काळी साल मुख्यतः रानातील झाडांची काढीत. डचांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बागा लावावयास आरंभ केला, आणि त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रज कंपनीने मलबारात अंजरकंडी येथे दालचिनीची मोठी बाग उभी केली.

मराठी मुलखात दालचिनीची जागा कोकण व गोवा. तेथे या कुळातील रानटी झाडे आहेत व त्यांच्या पानास तिखी म्हणून स्वयंपाकात वापरतात. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने १९९२ साली ‘कोकण तेज’ हा दालचिनीचा वाण प्रसारित केला. नारळी-पोफळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून तो कोकणात लावला जातो.

वैनगंगेकाठी मात्र दालचिनी नेहमी विकतच घेतली गेली. लोहमार्ग होण्यापूर्वी या प्रांताचा दूरचा व्यापार बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. समुद्रकाठचे मीठ व मसाला बैलांच्या पाठीवर आत येई आणि छत्तीसगढ व वैनगंगेच्या खोऱ्यातील धान्य बाहेर जाई. १८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगढ लोहमार्ग भंडाऱ्याजवळून गेला व तांड्यांचे दिवस संपत आले. ज्या बाडात दालचिनी मासा दोन मासे अशीच सांगितली आहे, त्या बाडामागे हा शेकडो कोसांचा प्रवास उभा असतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रमाण अल्प आहे एवढ्यावरून वस्तू महाग असे अनुमान करणे योग्य नव्हे. सितोपलादि चूर्णात खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन व त्वक् एक भाग असा क्रम आहे. तो औषधाच्या तीक्ष्णतेवरून ठरला आहे, वाण्याच्या भावावरून नव्हे. म्हणून प्रसिद्ध योगाची नक्कल कोणती व घरगुती अनुभवाची कृती कोणती हे प्रथम वेगळे करावे, आणि बाजाराविषयीचे अनुमान दुसरीवरूनच बांधावे.

५

आता लागवडीचा विचार. फुंदुकास फुले व फळे धरावयास हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी लागते. सामान्यतः ७ अंश सेल्सिअसच्या खालचे ८०० ते १,२०० तास मिळाले पाहिजेत. भंडारा जिल्ह्यात हिवाळ्याच्या काही रात्री गारठ्याच्या असतात, परंतु दिवस उबदार असतो व मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा हवेत फुंदुकाचे रोप क्वचित जगलेच तर त्यास पाने येतील, फळ येणार नाही.

दालचिनीचे दुखणे उलट आहे. तिला थंडी नको. उष्ण, दमट, समुद्राकडची हवा हवी आणि वर्षाकाठी २,००० ते २,५०० मिलिमीटर पाऊस हवा. भंडाऱ्यास पाऊस १,३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. पुढे आठ महिने कोरडे, त्यांत वैशाखाची झळ. तळ्याच्या पाळीखाली, आंब्याच्या सावलीत, उन्हाळाभर पाणी घालून एखादे झाड परसात जगविता येईल व त्याची पाने स्वयंपाकास मिळतील. पण पीक म्हणून तिचा हिशेब बसणार नाही. शिवाय तिचे बी फळातून काढल्यावर लवकर निर्जीव होते, म्हणून ते ताजेच पेरावे लागते.

दोहोंत एक साम्य मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्ही झाडांस मनुष्याने छाटून झुडूप बनविले आहे. दालचिनीचे रोप दोन-तीन वर्षांचे झाले म्हणजे जमिनीपासून वीतभर ठेवून तोडतात. त्या खुंटातून चार-सहा फुटवे येतात. ते अंगठ्याएवढे जाड झाले म्हणजे कापून, वरची खरखरीत साल खरवडून, पितळेच्या दांड्याने घासून आतली साल मोकळी करतात. ती सावलीत सुकताना आपोआप सुरळी धरते. पावसाळ्यात व त्याच्या लगोलग झाडात रस असताना साल सुटी निघते. कोरड्या दिवसांत ती लाकडास चिकटून राहते. खुंट पुन्हा फुटतो व पुन्हा कापता येतो. अर्थात दालचिनीत तोडणे हीच लागवड आहे. फुंदुकातही छाटणीचे फुटवे उपयोगी, पण फळ हवे असेल तर फांदी राखावी लागते. हा भेद पुढे चाराच्या संबंधात उपयोगी पडेल.

उपयोगाच्या दृष्टीने पाहता फुंदुक हे अन्न आहे आणि दालचिनी हा संस्कार आहे. फुंदुकाच्या गरात सुमारे साठ टक्के तेल असते. मूठभर खाल्ल्यास भूक भागते. दालचिनीने भूक भागत नाही. चिमूटभर घातल्यास अन्नास वास व औषधास तीक्ष्णता येते. तेव्हा कोणते अधिक उपयोगी हा प्रश्नच नीटसा जमत नाही. एक झाड दुसऱ्याच्या जागी उभे राहू शकत नाही. आपल्या प्रांतात अन्नाचे कवचफळ कोणते, असा प्रश्न केल्यास मात्र उत्तर रोकडे आहे, आणि ते चार हे होय.

६

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या बाजूच्या कोरड्या पानझडी रानांत मोह, टेंभुर्णी व चार ही तीन झाडे गरिबाच्या उन्हाळ्याचा आधार आहेत. चार हा आंबा, काजू व बिबा यांच्या कुळातील. फ्रान्सिस बुकानन या प्रवासी पंडिताच्या नावावरून वनस्पतिशास्त्रात त्याच्या गणास नाव दिलेले आहे. झाड मध्यम उंचीचे, साल जाड, काळपट व मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीने फाटलेली, पाने रुंद व चामड्यासारखी. माघ-फाल्गुनात पांढुरके तुरे येतात, चैत्र-वैशाखात फळे पिकून काळी होतात. फळाचा गोड-आंबट मगज मुले तशीच खातात; आतील कठीण कवचात चारोळीचा दाणा असतो.

निघंटूंनी या झाडास दिलेली नावे त्याच्या रूपाशी किती जुळतात हे पाहण्यासारखे आहे. भावप्रकाशात प्रियाल, खरस्कंध, चार, बहुलवल्कल, राजादन, तापसेष्ट, सन्नकद्रु, धनुष्पट अशी नावे येतात. खरस्कंध म्हणजे खरखरीत खोडाचा, बहुलवल्कल म्हणजे जाड सालीचा. झाड डोळ्यांपुढे ठेवूनच ही नावे पडली आहेत. तापसेष्ट म्हणजे तपस्व्यांस प्रिय, कारण हे अरण्यातील अन्न. आणि या मालिकेतच ‘चार’ हे नाव आहे. आपल्याकडील शेतकरी व गोंड, हलबा ज्या नावाने या झाडास हाक मारतात तेच नाव ग्रंथात आहे. दालचिनीस आपण परक्यांच्या तोंडचे नाव दिले. चारास त्याच्या नावासाठी कोठे जावे लागले नाही.

चरकसंहितेत श्रम हरण करणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात द्राक्षे, खजूर, बोरे, डाळिंब, ऊस इत्यादिकांच्या पंक्तीस प्रियाल बसविला आहे. उन्हातान्हात रान तुडविणाऱ्यास हे फळ का रुचावे हे त्यावरून समजते. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात अकाली वसंत आला असता प्रियालाच्या मोहोराचा रज हरणांच्या डोळ्यांत जाऊन त्यांची दृष्टी बाधित होते असे वर्णन आहे. ज्याने चाराचे झाड भर तुऱ्यावर पाहिले आहे त्यास हे वर्णन कविसंकेताचे वाटणार नाही.

गराचा उपयोग सर्वश्रुत आहे. श्रीखंड, बासुंदी, शिरा यांवर चारोळी पडल्यावाचून पंक्तीस शोभा येत नाही. तिच्यात निम्म्याच्या आसपास तेल असते व ते बदामाच्या तेलाच्या जागी चालते. सालीचा उपयोग कातडी कमावण्याकडे होतो, खोडास डिंक येतो. फळे पाण्यात भिजवून मगज काढतात, बिया वाळवितात व जात्यावर हलक्या हाताने भरडून कवच फोडतात. गर अखंड राहील अशा बेताने जाते फिरविणे हे बायकांचे कसब आहे. बस्तरकडे एके काळी चारोळी देऊन तेवढ्याच वजनाचे मीठ घेण्याची चाल होती. वर सांगितलेल्या तांड्यांच्या व्यापाराचे हे दुसरे टोक. दालचिनी विकत घेणाऱ्या वैद्याने तिचे मोल मोजले. चारोळी विकणाऱ्या गोंडाच्या पदरात मात्र मीठच पडले.

७

वरील विवेचनावरून बाडे वाचणारांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या असे आम्ही सुचवितो.

पहिली, ‘चार’ हा शब्द संख्यावाचक की वृक्षवाचक हे ठरविल्याखेरीज पुढे जाऊ नये. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचाही भेद पाळीत नाहीत. संख्या बहुधा आकड्याने मांडतात. म्हणून औषधांच्या यादीत ‘चार’ अक्षरांनी लिहिलेला असून त्यापुढे वेगळे वजन दिले असेल तर तो वृक्ष असण्याचा संभव अधिक. ‘चार बी’ हे घाईने ‘चरबी’ वाचले गेल्यास सबंध औषधाचा अर्थ फिरतो, आणि सोवळ्या वैद्याच्या माथी नसती गोष्ट येते.

दुसरी, ‘राजादन’ हा शब्द अमरकोशात प्रियालासही आहे व क्षीरिकेसही आहे. क्षीरिका म्हणजे खिरणी अथवा रायण. गर सांगितला असेल तर चार, आणि दुधाळ गोड फळ सांगितले असेल तर खिरणी असा सामान्य विवेक करावा.

तिसरी, त्वक्, तज, दालचिनी व दारुसिता हे चारही शब्द एकाच अर्थी घेऊन सूचीत एकत्र करू नयेत. सूचीकाराने मुळातील शब्द जसाच्या तसा नोंदवावा व अर्थ शेजारी द्यावा.

चौथी, वजनाच्या मापाकडे लक्ष द्यावे. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा या मापांत येणारी द्रव्ये बहुधा दुकानातील. शेर, पायली या मापांत येणारी द्रव्ये बहुधा रानातील अथवा शेतातील. एकाच बाडात दोन्ही तऱ्हा आढळतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून तो वैद्य रानाच्या किती जवळ होता हे कळून येते.

८

शेवटी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. शब्दामागील वस्तू नाहीशी झाली म्हणजे शब्द वाचता येईनासा होतो. चाराच्या बाबतीत ही वेळ फार लांब नाही. चारोळीस भाव चांगला मिळतो. त्यामुळे आपल्या आधी दुसरा तोडील या भीतीने फळे पिकण्यापूर्वीच ओरबाडली जातात. फळ हातास येत नाही म्हणून फांदीच तोडतात. कच्च्या फळात गर भरलेला नसतो आणि तोडलेल्या फांदीस पुढील सालचा तुरा येत नाही. दालचिनीचा खुंट तोडण्याने वाढतो. चाराची गोष्ट तशी नव्हे. शिवाय याच्या बियांचे कवच इतके कठीण की रोपे सहजी उगवत नाहीत, आणि पिकलेली फळे रानात गळूच दिली नाहीत तर उगवावयास बी तरी कोठून राहणार?

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आंबे, फणस ही रयतेने लेकरासारखी वाढविलेली झाडे धन्याच्या संतोषावाचून तोडू नयेत असे बजावले आहे. आंब्यास धनी होता म्हणून त्याचा कैवार घेता आला. रानातील चारास धनी कोण? २००६ सालच्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर रानाकाठच्या लोकांचा हक्क मान्य केला आहे, आणि २०१३-१४पासून केंद्र सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत चारोळीचा समावेश झाला आहे. ज्या गावाने आपल्या शिवारातील चार केव्हा उतरावयाचा याचा दिवस ग्रामसभेत ठरविला, त्या गावास या दोन्ही गोष्टींचा लाभ होईल. ज्याने ठरविला नाही त्याचे झाड कच्चेच उतरेल. परसात दालचिनीचे एक रोप कोणी हौसेने लावल्यास आमची हरकत नाही. फुंदुकाच्या मागे मात्र या हवेत लागू नये. बांधावर व तळ्याच्या पाळीवर जागा असेल तर ती चारास द्यावी.

आमच्या संग्राहक बंधूंस विनंती अशी की, भंडारा, पवनी, साकोली, तुमसर या बाजूस वैद्यकाची बाडे हाती आल्यास ती फुटकळ म्हणून टाकून न देता त्यांतील द्रव्यांची यादी मूळ अक्षरांत उतरून घ्यावी, आणि त्याच गावातील जाणत्या स्त्रीपुरुषांकडून त्या त्या झाडाचे बोलीतील नाव, फळाचा महिना व वापरण्याची रीत विचारून शेजारी नोंदवावी. एका रकान्यात कागद व दुसऱ्यात तोंडची माहिती अशी यादी गावोगाव तयार झाल्यास या प्रांताच्या वनस्पतिनामांचा एक भरवशाचा कोश होईल. बाड शंभर वर्षे आणखी टिकेल. ते वाचून दाखविणारी माणसे तितकी टिकणार नाहीत. म्हणून दुसऱ्या रकान्याचे काम आधी करावे.